हरवलेला कम्युनिकेटर

इरावतीच्या मोबाइलवर कोड येऊन पडला तेव्हा ती चहात पाव बुडवत होती. ‘आपला कम्युनिकेटर अपडेट करण्यासाठी...’ पाव तुटून कपात गेला, तरी ती हसली. तिचा कम्युनिकेटर, कारखान्यातल्या उपकरणांशी बोलणारं ते हातातलं यंत्र, दोन वर्षांपूर्वीच हरवला होता.

निदान तिचा तेव्हाचा भागीदार हितेंद्र तसं म्हणाला होता. “दगडूच्या खांद्यावर होता. त्यालाच विचार.” त्यांच्या घोडपदेवच्या गाळ्यात कामगार म्हणून जन्म घालवलेल्या दगडूमामांना कोणी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. तेवढ्यानं मामा आणि शेवंतीमामी चाळीतली खोली सोडून गावी गेले. हितेंद्रनं लगेच दादरला स्वतःची कंपनी थाटली.

इरावतीनं मात्र यंत्राचं रजिस्ट्रेशन आपल्या नंबरवर चालू ठेवलं. चोराला कधीतरी अपडेटची तहान लागणारच, म्हणून हा एवढा एकच नळ तिनं बंद केला नव्हता.

थोड्याच वेळात हितेंद्र गाळ्याच्या दारात. काखेत कम्युनिकेटर.

“इरा, चोरबाजारात मिळाला गं. शीवच्या डेअरीत दाब-तापमान मोजणारे नवे ट्रान्समीटर बसवलेत, आणि हा त्यांना ओळखतच नाही.”

“कसा ओळखेल? आतल्या डीडी फाइल्स, म्हणजे उपकरणांची ओळखपत्रं, जुनी. नव्या उपकरणाची माहितीच नाही त्याला. आकडा दाखवेल, सेटिंगला हात लावू देणार नाही.”

“तेच ना. अपडेटचा कोड तुझ्या नंबरवर आलाय. सांग पटकन.”

“आणि पट्टा? तोही चोरबाजारातला?”

पट्टा शेवंतीमामींनी जुन्या खणाचा शिवलेला होता. हितेंद्रनं तो बदलला नव्हता; फक्त त्यावर मारलेला त्याच्या कंपनीचा शिक्का दोन वर्षांत पुसट झाला होता. फुकटचं आणि टिकाऊ, कशाला बदलेल?

त्याचा चेहरा उतरला. “इरा, डेअरीवाले थांबलेत. आज नाही जमलं तर काम जाईल.”

“मग मामांना फोन लाव. स्पीकरवर.”

लावला त्यानं. करतो काय!

“दगडू, तो कम्युनिकेटर... माझ्याकडेच होता.”

“मोठ्यान बोला शेठ, हय रेंज नाय.”

“मीच घेतला होता!” हितेंद्र ओरडला. शेजारच्या गाळ्यातलं लेथ थांबलं.

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला. मग मामांची हाक, “शेवंते, हय ये गो. शेठनू, आता परत सांगा. हिका आयकूंदे.”

त्यानं परत सांगितलं. मामींनी नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

“तो कोड शिळा झाला. नवा मागव,” इरावती म्हणाली. नवा कोड तिनं स्वतःच्या बोटांनी टाकला. एकेक फाइल सावकाश उतरत गेली. डेअरीतल्या ट्रान्समीटरचं नाव यादीत दिसलं, तसा हितेंद्रनं हात पुढे केला.

इरावतीनं पट्टा स्वतःच्या खांद्यावर अडकवला आणि डेअरीला फोन लावला. “मी इरावती बोलतेय. यंत्र माझ्याकडे आहे. निघालेच.”

“अगं, ती ऑर्डर माझी आहे!”

“आणि हा माझा आहे. तूच आणून दिलास.” तिनं शटरला हात घातला. “चल, बाहेर हो. की तुलाही आत ठेवू, हरवलेल्या सामानात?”