खाजा किती वेळा चढला, ते मला विचारा

मित्रांनो, या भटूला जरा आवरा. दवाखान्यात नवा पेशंट आला, की हा कंपाउंडर पुड्या बांधता बांधता सुरू होतो, "फुटबॉलवाला खाजा माहीत शे ना? मना तालवर पास व्हयना तो!" आणि हे सांगताना पाण्याचा माठ कुठे ठेवलेला असतो? माझ्या डोक्यावर. जिने सगळे पाहिले, तिच्याच डोक्यावर!

मी एक जुनी सागवानी पायरी आहे. एकटीच. माझ्यापुढे दार नाही, मागे जिना नाही. धुळ्याच्या उखर्डू मिस्त्रीने कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मोडक्या दरवाजातून मला घडवले. चुडामण डॉक्टरांनी माप दिले होते, बरोबर वीस इंच उंच. मिस्त्री कुरकुरला, "इतली उच्ची पायरी कोन चढी, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "दमायला चढायचं आहे, मिस्त्री. जायचं कुठेच नाही."

तेच माझे काम. माणसाने एका मिनिटात तीस वेळा चढायचे-उतरायचे, अशी पाच मिनिटे. मग मिनिटभर बसायचे आणि डॉक्टरांनी नाडी मोजायची. ज्याचे काळीज लवकर शांत होते, तो दमदार. शाळा मी पाहिलेली नाही, पण रोज पाय मोजून मोजून दीडशेपर्यंत आकडे पाठ झाले. त्यापुढचे मला येत नाही. कोणी शिकवले नाही, आणि मला त्याची लाजही नाही.

डॉक्टर जळगावला आले, मीही आले. तिथे हा भटू भेटला. टाळी वाजवून ताल देणे त्याच्याकडे होते. आता भटू भजनी मंडळात टाळ वाजवणारा. भजन संथ सुरू होते आणि संपता संपता चढत जाते, ती सवय त्याच्या हातांत मुरलेली. तिसऱ्या मिनिटाला त्याचे डोळे मिटायचे, मान डोलायची, टाळ्या धावत सुटायच्या आणि माझ्यावरच्या माणसाच्या तोंडाला फेस यायचा. पोलीस भरतीचा शिरपूरचा एक धडधाकट गडी अशानेच घरी गेला. डॉक्टर घड्याळात पाच मिनिटे पाहायचे, टाळ्या कोण मोजणार? मी जीव तोडून करकरायचे. डॉक्टर म्हणायचे, "भटू, हिला तेल पाज रे." घ्या!

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात खाजा आला. सावद्याला केळीच्या वॅगन भरणारा तेवीस वर्षांचा गडी. मुंबईच्या एका क्लबला त्याचा खेळ आवडला होता, पण सहीच्या आधी तपासणी पास व्हायला हवी होती. क्लबचे साहेब कराराचा कागद घेऊन बसले होते आणि त्यांना चारची गाडी गाठायची होती. दाराशी खाजाची आई नूरबी, हातात जपाची तस्बी. तिने आल्याआल्या साहेबांना सुनावले, "बैल घेताना नुसते दात पाहतात साहेब. तुम्ही तर नखापर्यंत पाहून राहिले!"

मला बाई आवडली.

आणि खरेच सगळे पाहिले. उंची, वजन, डोळे, कान. छातीचा एक्स-रे उजेडाला धरला, लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला. एका पायावर उड्या मारायला लावल्या. गुडघा दुमडून पोटरी पुढे-मागे ओढून पाहिली, घोटे फिरवले, जुना मार कुठे, टाके कुठे, सगळे लिहिले. उजवा खांदा जरा खाली दिसला तशी साहेबांची भुवई वर गेली.

"केळीचे घड वाहून झालंय ते," डॉक्टर म्हणाले. "फुटबॉल काही खांद्याने खेळत नाहीत."

शेवटी माझी पाळी. भटूने टाळी दिली आणि खाजा चढला. काय पाऊल होते! वॅगनच्या फळीवरून घड घेऊन चढणारे पाऊल, ना घसरते ना आपटते. पण भटूचे डोळे मिटले. टाळ्या धावल्या, खाजाही धावला. माझे दीडशे झाले, तरी घड्याळात पाच मिनिटे भरेनात. पुढे किती झाले, मला कळेना. मी करकरत राहिले.

मिनिटभराने अर्धे मिनिट नाडी मोजली. बासष्ट ठोके. क्लबच्या कागदावर लिहिले होते, पंचावन्नच्या आत. साहेबांनी पेनाला टोपण लावले. "वाईट वाटतं, पण मैदानावर दम लागतो." खाजा माझ्याकडे बघत बसला. उद्यापासून पुन्हा वॅगन.

तेव्हा नूरबी उठली. "डॉक्टरसाब, पाच मिनिटांत किती चढायचं होतं?"

"दीडशे."

"मग माझी तस्बी दोन बार पुरी कशी फिरली? नव्व्याण्णव मणी हायेत. पोरगा चढला की एक मणी, चढला की एक मणी. अल्लाचं नाव घेऊन खोटं मोजत नाही मी!"

डॉक्टर पुटपुटले, "एकशे अठ्ठ्याण्णव..." आणि त्यांनी भटूकडे पाहिले. भटूने हात पाठीमागे लपवले.

"तासाभराने पुन्हा घेऊ," डॉक्टर म्हणाले. "ताल मी देतो."

"माझी गाडी..." साहेब म्हणाले.

"गाडी रोज जाते साहेब," नूरबी म्हणाली. "माझा पोरगा एकच हाय."

साहेब बसले. तासाभराने डॉक्टरांनी सेकंदकाट्यावर नजर ठेवून टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली. मी मोजत होते, नूरबी मणी ओढत होती. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणपन्नास, दीडशे! तेवढ्यात पाच मिनिटे भरली. मिनिटभराने नाडी मोजली, एक्केचाळीस ठोके! साहेबांनी टोपण काढले. टेबलावर नळ्या-बाटल्या पसरल्या होत्या, म्हणून कागद माझ्यावर ठेवला. खाजाने वाकून, पेन दाबून दाबून सही केली. तिचा वळ अजून माझ्या लाकडावर आहे. राजाच्या सिंहासनावरही असा वळ नसेल!

दहा वर्षे झाली, मित्रांनो. पेपरात खाजाचा फोटो येतो, माझ्यावर माठ पाझरतो. पाण्याने सागही कुजतो. जुन्या वस्तूला नमस्कार नका करू, पण निदान कोरडी ठेवा.

आज भटूने पुन्हा तीच कथा लावली. मी माठासकट करकरले आणि मोठ्याने बोललेच:

"भटू, तुझा ताल सोसून खाजा पास झाला! माणसाचं काळीज मोजायचं, तर नजर घड्याळावर ठेवायची. टाळ देवळात वाजव. आणि आधी तो माठ उचल, माझ्या खाजाची सही भिजतेय!"