न वितळणारा बर्फ

मी एक जुना मखमली झगा आहे. मला राजपुत्रासाठी शिवले. पण मित्रांनो, तो राजपुत्र खरा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाआधी हॉलिवूडच्या एका स्टुडिओत एक हलकाफुलका प्रेमपट बनत होता. त्यात राजपुत्र पडत्या बर्फात एका गर्विष्ठ राजकन्येला मागणी घालतो. बर्फ उठून दिसावा म्हणून माझ्यासाठी काळाभोर रंग निवडला होता.

मला शिवले हर्मिनने. ती आर्मेनियातून आलेली, स्टुडिओचे कपडे शिवणारी आणि सांभाळणारी बाई.

लॉस एंजेलिसमध्ये बर्फ कुठला? पहिल्या दिवशी मक्याचे पोहे पांढरे रंगवून पसरले. राजपुत्र गुडघ्यावर बसला आणि कुरकुर आवाज झाला. ध्वनिमुद्रक लॉइड वैतागला.

"अरे, हा मागणी घालतोय की शेंगा फोडतोय? एक शब्द ऐकू येईल तर शपथ."

मग खोक्यांतून नवा बर्फ आला. तो ॲस्बेस्टॉसचा होता, म्हणजे दगडाचे कापसासारखे पिंजलेले तंतू. तो दिव्यांच्या उष्णतेने पेटत नव्हता आणि पायाखाली वाजतही नव्हता. त्यामुळे सगळ्यांना तो निर्धोक वाटला. पंख्यासमोर तो अगदी खऱ्यासारखा भुरभुरला आणि माझ्या मखमलीत रुतून बसला. दृश्य पुन्हा घ्यायचे झाले, की हर्मिन मला खिडकी नसलेल्या खोलीत नेऊन झटकायची. नायक दारात उभा राहायचा.

"हर्मिनबाई, जोरात झटका. नाहीतर लोक म्हणतील, राजघराण्याला कोंडा झालाय."

"कोंडा परवडला, महाराज. तो धुतला की जातो. आमच्या गावचा बर्फसुद्धा वितळायचा. हा मेला कसला बर्फ?" खोकत खोकत ती हसायची.

चित्रपट गाजला. त्या दृश्याला प्रेक्षक सुस्कारे टाकत आणि माझी वाहवा होई. पुढे कित्येक वर्षे हिवाळी दृश्यांना तोच बर्फ पडत राहिला आणि हर्मिन कपडे झटकत राहिली.

स्टुडिओने जुने सामान काढले, तेव्हा मी कोणालाच नको होतो. हर्मिनने मला घरी आणून ट्रंकेत ठेवले. तोवर तिला जिना चढताना मध्येच बसावे लागत होते. डॉक्टरांनी तिच्या मुलीला, अराक्सीला, सगळे समजावले. ते तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. फुप्फुसात ते रुततात आणि भोवतालचा भाग हळूहळू कडक होत जातो. आडवे झाल्यावर श्वास लागायचा, म्हणून हर्मिन खुर्चीतच झोपायची. खुर्चीतच ती गेली. घरात सगळ्यांना तो बर्फ आठवला. ट्रंकेतला झगा कोणाच्याच ध्यानात आला नाही.

आज तिची नात तालिन शाळेच्या नाटकासाठी मला बाहेर काढते आहे.

"आई, याला अजून आजीचा वास येतोय," असे म्हणत ती मला चेहऱ्याजवळ नेते आहे.

"किती धूळ असेल त्यात," अराक्सी स्वयंपाकघरातून म्हणते. "आधी झटकून घे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. माझे सांगणे उलटे आहे. मला जपू नका, झटकू नका, अंगावर घेऊ नका. कोणीतरी त्या पोरीला हाक मारून थांबवा. माझ्यातला बर्फ अजून वितळलेला नाही.