एकाच दिवसाचे ट्रॅक्टर

भिमाजीचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी प्रेमचंद सरांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पिंपरी पेंढारचा भिमाजी त्यांचा जुना विद्यार्थी, आता कांदा बाजाराच्या कमिटीवर. नोव्हेंबर सत्त्याण्णवमध्ये त्यानं विचारलं होतं: ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यावर येते, दुसरं गेट करावं की ट्रॅक्टर तोलायचा दुसरा भुईकाटा बसवावा? दोन्ही होणार नाही. पंधरा मार्चला कमिटी ठरवणार.

सर निवृत्त होऊन ओतूरला राहत. बाजाराचा दिवस कागदावर मांडायला त्यांनी एका जुन्या पुस्तकातल्या रीतीनं डब्यांत चिठ्ठ्या भरल्या होत्या: ट्रॅक्टर किती मिनिटांनी आला, वजनाला किती वेळ लागला. चिठ्ठी काढायची नि त्या ट्रॅक्टरला वहीत पुढं सरकवायचं: गेट, भरलं वजन, लिलाव, रिकामं वजन. साठ ट्रॅक्टर म्हणजे एक दिवस. वीस दिवस दुसऱ्या गेटचे, वीस दुसऱ्या काट्याचे. एकदा गेट सरस ठरे, पुन्हा मांडलं की काटा. तिसऱ्यांदा तर गेट वाढवून रांगही वाढली. सरांनी वही मिटली. जमत नाही, हे कळवायचीही त्यांना लाज वाटली.

दहा मार्चला भिमाजीच दारात उभा राहिला.

"रोज चिठ्ठ्याच खेळतात," सुमतीबाईंनी चहा देताना नवऱ्यादेखत सांगून टाकलं.

"सर, नाय जमत तर नाय म्हणा. लोकं उन्हात ताटकळतात." भिमाजीनं वही चाळली. "गेटला चिठ्ठ्या येगळ्या, काट्याला येगळ्या?"

"दर वेळी नव्याच काढायच्या. नाहीतर ती लबाडी झाली."

"कसली लबाडी? दोन बियाणं ताडून बघायची तर आमी एकाच वावरात शेजारी लावतो. एक काळ्या रानात नि दुसरं खडकाळीला लावलं, तर फरक बियाण्याचा का रानाचा? तुमी दर खेपेला रानच बदलताय राव."

हेच सरांच्या त्या पुस्तकात होतं. त्या ओळीखाली त्यांनीच कधीकाळी पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्यांना स्वतःचाच संताप आला.

या खेपेला एका ट्रॅक्टरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी टाचणीनं एकत्र टोचल्या आणि तोच दिवस आधी गेटवर, मग काट्यावर चालवला. तीन दिवस मान वर केली नाही. वीसपैकी एकोणीस दिवस काटा सरस. दर ट्रॅक्टरमागं ताटकळणं पाऊण तासानं कमी.

माफीची दोन पानं लिहून त्यांनी फाडली. कार्डावर लिहिलं, 'दुसरा काटा बहुधा बरा.' 'बहुधा' खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कार्ड गिचमिड झालं. दुसरं घेण्याइतका वेळ नव्हता. डाक सकाळी अकरा वाजता निघे. तेच त्यांनी पेटीत टाकलं.