तिसरा रंग

ती काम करते ते चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणून तिनं रविवार ठरवला. असे रविवार गेल्या दीड वर्षात तिनं पुष्कळ ठरवले होते. एका रविवारी पडदे धुवायचे निघाले, एका रविवारी जुने कपडे निवडायचे निघाले, आणि एका रविवारी तर तिनं स्वयंपाकघरातला नळ इतका घासला की तोटीत तिचं तोंड दिसायला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. हिच्याकडे दर रविवारी नवं अंगण तयार असायचं.

आज पडदे स्वच्छ होते, नळ चकचकीत होता, आणि खिडकीजवळच्या टेबलाचा खालचा खण बंद होता. त्या खणात काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. पाच कोरण्या, एक रबरी रोलर, शाईच्या तीन डब्या आणि या सगळ्यावर पालथा घातलेला दाढीचा छोटा आरसा. लिनोचा, म्हणजे कोरून ठसा करायच्या मऊ, रबरासारख्या पाटीचा तुकडा आणि छापलेले कागद कपाटावर होते, जुन्या चादरीत गुंडाळलेले.

तिची छापायची पद्धत मोठी बेरकी होती. एकाच तुकड्यावर सगळे रंग. जिथं कागद पांढरा राहायला हवा तिथं आधी खोदायचं आणि पिवळा छापायचा. मग जिथं पिवळं राहायला हवं तिथं खोदायचं आणि त्याच कागदांवर विटकरी छापायचा. शेवटी विटकरी राहायला हवा तेवढा भागही खोदून टाकायचा आणि उरेल त्यावर तिसरा रंग, काळपट निळा. प्रत्येक रंगागणिक तुकडा संपत जातो. मागे फिरायची सोय नाही, आणि कागद सुरुवातीला घेतले तेवढेच. तिनं बारा घेतले होते, तीन बिघडले, नऊ उरले. त्या नऊ कागदांवर तिचा नवरा समोर तोंड करून दाढी करत होता: हनुवटीवर पांढरा साबण, कपाळावर पिवळा उजेड, हातात रेझर, बाकी सगळं विटकरी. डोळे आणि तोंड यायचं होतं ते तिसऱ्या रंगात.

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी ती या तिसऱ्या रंगासाठीच चित्रातल्या मागच्या भिंतीच्या रेघा खोदत होती. न्हाणीघरातून नवऱ्याची हाक आली, "अगं!" मान वर न करता ती म्हणाली, "थांबा हो, एवढी रेघ होऊ दे." ती रेघ झाली, मग शेजारची झाली, मग तिच्या शेजारची. वीस मिनिटांनी ती उठून गेली तेव्हा मिस्त्री फरशीवर एका कुशीवर पडलेले होते.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळ्या मोहल्ल्याचे मिस्त्री. डॉक्टरांनी मेंदूत गुठळी सांगितली. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू. पाय बराचसा परत आला, बोलणं आलं, थोडं लोळत येतं इतकंच. हात अर्धाच आला. तोंडाचा उजवा कोपरा खाली गेला तो तिथंच राहिला. हाक कधी आली आणि तू कधी उठलीस, हे तिला कुणीही विचारलं नाही. नणंद तर सगळ्यांना सांगत सुटली की वहिनी होती म्हणून भाऊ वाचला. ते ऐकलं की ती उठून चहा टाकायला जायची. ती वीस मिनिटं तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं कोरण्या खणात टाकल्या आणि वर आरसा ठेवला. त्यांना आपलं तोंड बघून सोसायचं नाही, असं तिनंच ठरवून टाकलं. तेव्हापासून त्यांची दाढीही तीच करायची.

पण लिनो काही कुणासाठी थांबत नाही. तो वाळत जातो, कडक होतो, एक दिवस कोरणीखाली तडकतो. गेल्या आठवड्यात तिनं चादरीतून बोट घालून चाचपलं तर कोपऱ्याचा टवका हातात आला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं आणि त्या रात्रीपासून झोप उडाली.

तिनं खण ओढला. आरसा उताणा होता. आपण पालथा ठेवला होता ना? पण तेवढ्यात कोरण्या दिसल्या आणि तो विचार तिथंच राहिला.

"गंगेत घोडं न्हाणार म्हणायचं आज," खुर्चीतून मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही चेष्टा करू नका. माझे हात बघा कसे थरथरतायत."

"माझा एक थरथरतो तरी मी चहा पितो. माझ्यापुढं काय सांगतेस?"

तिनं लिनोचा तुकडा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवला. ही पिशवी त्यांच्या खांद्याला शेकायची, पण लिनोही शेकला की मऊ पडतो. मग बघते तर चेहऱ्याच्या जागी काही नाही. दुसरा रंग छापून तुकडा रॉकेलनं पुसला होता, त्यात पेनानं काढलेलं नाकडोळे सगळं धुऊन गेलं होतं. नव्यानं काढायला हवं. तिनं ठरवलं, आठवणीतून काढू. आधीचं तोंड काढू, मिशीखाली हसू दाबून धरल्यासारखं. पेन हातात धरून ती पाच मिनिटं बसली, दहा मिनिटं बसली. पंचवीस वर्षं बघितलेलं तोंड, आणि ते येईना. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला तेच हातून निसटलेलं.

"माझं चित्र आहे ना ते?" मिस्त्री म्हणाले. "मग मी इथं काय शोभेला बसलोय? हातात काय होतं चित्रात?"

"रेझर."

"मग आण."

ते टेबलापाशी तिच्या समोर येऊन बसले. रेझर त्यांनी डाव्या हातात धरलं आणि मान ताठ केली.

दुकानात ती दिवसाला वीस चेहरे मापते. दोन बुबुळांमधलं अंतर, नाकाचा उंचवटा, एक कान वर एक खाली. सरळ चेहरा कुणाचाच नसतो, हे ती गिऱ्हाइकांना समजावून सांगते. मिस्त्रींकडे मात्र दीड वर्षं ती नुसती तपासायला बघत होती. कोपरा आणखी खाली गेला का, डोळा जड दिसतोय का, श्वास चालू आहे ना. दिवसातून पन्नास वेळा. त्यांना ते कळायचं आणि ते चिडायचे, "आहे मी अजून, किती बघशील!" आज पहिल्यांदा तिनं रेघेसाठी बघितलं. खाली उतरलेल्या कोपऱ्याची रेघ लांब होती आणि शेवटी किंचित वळत होती. उजवा डोळा थोडा जास्त मिटलेला. जे दिसलं ते तिनं जसंच्या तसं तुकड्यावर काढलं, भराभर, धीर सुटायच्या आत.

बसून बसून मिस्त्रींची पाठ भरून आली आणि ते आत गेले. आता खोदायचं. तिनं कोरणी टेकवली आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतली शांतता तिला ऐकू यायला लागली.

"अहो?"

"आहे."

दोन रेघा. "अहो?"

"आहे गं."

चार रेघा. "अहो!"

"इथंच आहे, कुठं जाऊ! लिफ्ट बंद आहे!"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. हात चालायचा आणि कान भिंतीला लागलेले. डोळ्याची कड झाली, भुवई झाली. लिनो बरा मऊ झाला होता, पण कोरणी घसरली तर संपलं. तोंडाच्या रेघेवर ती आली आणि तिनं पुन्हा हाक मारली, "अहो?"

आवाज आला नाही.

कोरणी टाकून ती धावली. मिस्त्री न्हाणीघरात उभे होते, गाल फुगवून. चूळ भरत होते. तिच्याकडे बघून त्यांनी आधी चूळ टाकली, मग कपाळाला हात लावला.

ती दाराच्या चौकटीला टेकून तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. "त्या दिवशी तुम्ही हाक मारली होती. मी उठले नाही. रेघ होऊ दे म्हणाले. वीस मिनिटं उठले नाही मी."

मिस्त्रींनी नळ बंद केला. मग म्हणाले, "ती हाक होय? टॉवेल विसरलो होतो. पडलो नंतर. बऱ्याच नंतर."

खरं सांगत होते की तिला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण अर्धंच तोंड हलत असल्यावर खोटं ओळखायचं तरी कसं?

"आता ऊठ," ते म्हणाले. "तू हाका मारू नकोस. मी काठी आपटतो भिंतीवर. ठकठक झालं की समज आहे मी."

ती पुन्हा येऊन बसली. आतून ठक, ठक. तिनं तोंडाची रेघ सोडून बाजूचा लिनो खोदायला घेतला. ठक, ठक. कोपऱ्याशी रेघ वळली तिथं तिनं कोरणी हळू केली. ठक, ठक. मधेच काठीनं कसलासा ताल धरला तेव्हा तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. तासाभरानं खोदायचं काही उरलं नाही.

तिनं काळपट निळी शाई लावली, पहिला कागद कडांना कडा जुळवून ठेवला आणि पळीच्या पाठीनं घासला. हे घासायचं काम पूर्वी मिस्त्रींचं. कागदाचा कोपरा धरून तिनं हळूच सोलून काढला आणि बघितलं.

तोंड उलटं आलं होतं.

छापात सगळं उलटं होतं, हे पोरंसोरंही जाणतात. तुकड्यावर डावं ते कागदावर उजवं. म्हणून ती नेहमी आधी पातळ कागदावर काढून, कागद पालथा घालून मग तुकड्यावर गिरवायची. आज समोर बघून थेट काढलं. फसली ती त्या रेझरमुळे. तुकड्यावरचा रेझरचा हात उजवीकडे, आणि समोर बसलेल्या मिस्त्रींच्या डाव्या हातातलं रेझरही तिच्या उजवीकडेच. दोन्ही इतकं जुळलं की तिला शंकाच आली नाही. आता कागदावर मिस्त्रींच्या तोंडाची चांगली बाजू पडली होती आणि पडलेली बाजू चांगली झाली होती. खोदलेलं भरून येत नाही. पहिला बिघडला म्हणजे नऊच्या नऊ बिघडले. एक तर आधीचं तोंड गेलं, आणि आत्ताचंही धड जमलं नाही.

"काय झालं?" मिस्त्री काठी टेकत आले. "हाक नाही, ओरडा नाही, म्हणून आलो."

"बघू नका," ती म्हणाली. "वाटोळं केलं मी. पडलेला कोपरा भलत्याच बाजूला आला. तुम्ही नाही हे."

त्यांनी कागद डाव्या हातानं आपल्याकडे ओढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बघत राहिले. 

"मीच आहे की," ते म्हणाले. "हुबेहूब. कोपरा इकडं, डोळा इकडं. रेझर मघाशी धरलं तसं डाव्या हातात. रोज सकाळी अस्साच दिसतो."

"कुठं दिसता?"

"आरशात. तू दुकानात गेलीस की काढतो तुझ्या खणातून. कोपरा कितपत वर येतोय ते बघतो. परत ठेवताना कधी उताणा ठेवतो कधी पालथा, तू काही खण उघडत नव्हतीस."

 दीड वर्षं. त्यांना सोसायचं नाही म्हणून तिनं आरसा लपवला होता, आणि ते रोज तो काढून बघत होते. सोसत नव्हतं ते तिला.

"आला का वर?" तिनं विचारलं.

"कोपरा? नाही. पण मला सवय झाली. आता तुला व्हायची." त्यांनी कागद खिडकीत वाळत ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "पळी आण इकडं. घासायचं काम माझं आहे."

"एका हातानं जोर लागायचा नाही. कुठंतरी फिकं येईल."

"येऊ दे. आठ आहेत ना अजून?"

तिनं रोलरवर शाई घेतली, दुसरा कागद जुळवून ठेवला आणि पळी त्यांच्या हातात दिली. मिस्त्री घासायला लागले. ते नीट आहेत ना, हे बघायला तिनं एकदाही मान वर केली नाही. तिचं सगळं लक्ष कागदाकडे होतं.