कोपरा दुमडलेली राखाडी पाटी

या, मित्रांनो, जरा पुढे सरका. लांब बसलात तर मी तुम्हाला दिसणारही नाही, कारण माझ्यात पाहण्यासारखे काहीच नाही. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा आणि कान इकडे द्या. माझा हा वरचा कोपरा दुमडलेला दिसतो ना? तो कोणी दुमडला, आणि दुमडला म्हणून मला राग का येत नाही, ते आज सांगते. सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

मी एक जुनी राखाडी पाटी आहे. लिहायची नव्हे. फोटोवाल्यांच्या जगात मला ग्रे कार्ड म्हणतात, पण आमच्या स्टुडिओत सगळे मला पाटीच म्हणतात. जाड पुठ्ठा, त्यावर राखाडी रंगाचा लेप, एवढाच माझा संसार. ज्याने मोराला पिसारा दिला आणि जास्वंदीला लाली दिली, त्याने माझ्या वाट्याला हा रंग का दिला, असे सुरुवातीला मला फार वाटे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे तर माझ्याकडून रंग काढूनच घेत होते. लेपात निळ्याची झाक आली की नापास. पिवळ्याची आली की नापास. माझ्या शेजारच्या तावातल्या कितीतरी बहिणी किंचित हिरवट निघाल्या म्हणून रद्दीत गेल्या. मी उरले, कारण माझ्यात कसलीच झाक नव्हती.

तिथून मी आले एका छोट्या स्टुडिओत. तो मामा आणि भाचीचा होता. मामा फोटो काढायचा आणि भाची आतल्या खोलीत संगणकावर बसून ते फोटो छपाईच्या लॅबसाठी तयार करायची. मामा गप्पिष्ट, भाची कामाला वाघ. तो म्हणायचा, मी डोळे उघडे ठेवायला सांगतो आणि ही माझेच डोळे उघडते.

माझे काम सोपे होते. कोणीही फोटोला बसले की मामा त्यांच्या हातात मला द्यायचा आणि पहिला फोटो माझ्यासकट काढायचा. मग मला बाजूला ठेवून खरे फोटो सुरू. दिव्याचा उजेड पिवळा असो, खिडकीचा निळसर असो, तो माझ्यावर पडला की माझ्या अंगावर उमटतो. संगणकावर भाची तो पहिला फोटो उघडायची आणि माझ्या अंगावर माउसची एक टिचकी द्यायची. त्या टिचकीचा अर्थ असा, की ही पाटी राखाडी आहे, तेव्हा बाकीचे सगळे रंग हिच्या मापाने लाव. क्षणात उजेडाची फसवणूक धुऊन निघे. गोऱ्याचा गोरा, सावळ्याचा सावळा, चादरीवरचा डागसुद्धा खरा. मग ती लॅबच्या कागदावर आणि शाईत कोणते रंग बसतील ते संगणकाच्या पडद्यावर पाहून घ्यायची, आणि फाइल पाठवायची. लॅबवाले काका फोनवर म्हणत, की तुमच्या फाइलला आम्हाला हात लावावा लागत नाही. मामा ते सगळ्या गावाला सांगत सुटे.

अल्बममध्ये मात्र मी कधीच नसे. माझा फोटो पहिला निघायचा आणि पहिला बाद व्हायचा. असो. पायाच्या दगडाला कळसाचा हेवा करून चालत नाही.

एके दिवशी एक आजोबा-आजी फोटोला आले. आजोबा बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे उभी होती त्यांची लेक, जिने त्यांना ओढत आणले होते. आजोबांना फोटोचा कंटाळा. किती वेळ लागेल, दिवे एवढे कशाला, मान वाकडी का करायची, असे त्यांचे चालले होते. आजोबा बायकोला कंडक्टर म्हणत. ते म्हणाले, चाळीस वर्षं गाडी माझी, पण घंटा हिच्या हातात. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं.

मामाने आजींच्या हातात मला दिले. त्यांनी मला उलटून पालटून पाहिले.

"काय लिहू यावर?"

मामा म्हणाला, काही लिहायचे नाही, नुसती हनुवटीखाली धरा. आजी म्हणाल्या, शाळेत कोरी पाटी धरली की मार मिळायचा, इथं फोटो मिळतोय, दिवस सुधारले म्हणायचे. तेवढ्यात आजोबांनी पुन्हा उशिराची तक्रार केली. तेव्हा आजींनी बोटाच्या पेराने माझ्यावर दोनदा टकटक केले.

"दिली डबल. चला, मारा फोटो."

आजोबांकडे बघून आजी हसल्या आणि मामाने बटण दाबले. मग त्यांचे हसू असे वाढले, की मी त्यांच्या हातातून निसटले आणि कोपऱ्यावर पडले. हाच तो कोपरा. त्यांनी मला उचलले, कोपरा अंगठ्याने सरळ करायचा प्रयत्न केला आणि माझीच माफी मागितली. माझी कोणी माफी मागितल्याची ती पहिली वेळ.

पुढचे फोटो छान आले. आजी शांत, आजोबा ताठ. अल्बम गेला. वर्ष सरले. आणि मग माझे दिवस फिरले.

संगणकाची खोली कोंदट होती. तिच्या भिंतीला कधी रंगच दिलेला नव्हता, नुसता सिमेंटचा गिलावा. भाची म्हणायची, इथे बसून माझे मनही सिमेंटचे होईल. मामाच्या घरी रंगकाम झाले, त्यातला एक डबा उरला होता, पिकल्या पीचसारखा गुलाबी-केशरी. दोघांनी मिळून भिंती रंगवल्या. खोली हसू लागली. येणारा-जाणारा म्हणे, आता कशी प्रसन्न वाटते. मलाही वाटले, मित्रांनो. मी कशाला खोटे बोलू?

पण त्या दिवसापासून स्टुडिओत काहीतरी बिनसले. भाची माझ्यावर टिचकी द्यायची आणि कपाळाला आठी घालायची. तिला पडद्यावरचा फोटो निळसर, निस्तेज वाटायचा. मग ती हाताने थोडा लाल वाढवायची, थोडा पिवळा वाढवायची. एकदा तिने मला उचलून पडद्याशेजारी धरले आणि मामाला हाक मारली. पाटी बघ, म्हणाली, कशी गुलाबट झालीय. हातांच्या घामाने मळली असणार. मामाने चष्मा वर करून पाहिले आणि मान डोलावली.

झाले. मी खणात गेले. जुन्या बॅटऱ्या, एक मोडका स्टँड, रबरबँडांचा गुंता यांच्यामध्ये. खण उघडला की मी धडपडून वर बघायची, बंद झाला की अंधार. मी गुलाबी झाले? कधी? कशी? ज्या एका गुणावर मी कारखान्यातून पास झाले, तोच गेला असेल तर मी कोण? अंधारात स्वतःचा रंग पाहता येत नाही. मी तळमळत राहिले.

त्याच सुमाराला आजोबा लेकीबरोबर आले; काही मी खणातून ऐकले, काही मला नंतर कळले. या वेळी आजी नव्हत्या. थंडीच्या आधी त्या देवाघरी गेल्या होत्या. आजोबांना आजींचा एकटीचा मोठा फोटो हवा होता, पलंगासमोर लावायला. भाचीने हातातली कामे बाजूला सारली. अल्बममधलाच शांत फोटो काढला, मनापासून सजवला, पडद्यावर लाल-पिवळ्याची ऊब दिली आणि लॅबला पाठवला.

फोटो आला. आजोबांनी तो घेतला आणि सरळ उठून दारात गेले, बाहेरच्या उजेडात. ड्रायव्हरची सवय, काहीही बघायचे तर दिवसाच्या उजेडात. परत आले आणि फोटो टेबलावर ठेवला. म्हणाले, हिला ताप आलाय.

भाचीने लॅबला फोन लावला. खणातून मला तिचा चढलेला आवाज ऐकू येत होता. काका शांतपणे सांगत असावेत, कारण ती नंतर मामाला तेच पुटपुटत सांगत होती. मशीन रोज तपासून सुरू करतात म्हणे, फाइल आली तशी छापली म्हणे. मामाने संगणकाच्या पडद्याचे रंग मोजायचे यंत्र लावून पाहिले. पडदाही बरोबर. मग चूक कोणाची? मामा म्हणाला, पाटीची. पण मी तर खणात होते. या वेळी माझ्या मापाने तो फोटो लावलाच नव्हता. ओरडून सांगावे तर मला तोंड नाही.

दुसरा फोटो भाचीने अंदाजाने केला. ताप उतरवायचा म्हणून सगळी ऊब काढून घेतली, वर थोडी निळाई घातली. आजोबा पुन्हा दारात गेले. या वेळी लवकर परत आले.

म्हणाले, आता हिला थंडी वाजतेय.

लेक वैतागली. तिने भाचीला बाजूला घेऊन सांगितले, की बाबांना कुठलाच फोटो पटणार नाही, त्यांना आईच परत हवी आहे, तुम्ही आपला हाच फ्रेम करून द्या. हळू बोलली, पण आजोबांनी ऐकले. ते चिडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि भाचीकडे बघत म्हणाले,

"मी विसरत चाललोय, पोरी. डॉक्टरांनी सांगितलंय. पुढे मला हिचा चेहरा या कागदावरूनच शिकायचाय. धडा चुकीचा नको."

लेकीने तोंड फिरवले. भाचीने सगळे सोडून त्या दिवशीचे फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडले. आणि पहिला फोटो कोणता? माझा. बाद झालेला. पडद्यावर आजी मला हनुवटीखाली धरून हसत होत्या.

आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. विचारले, ही पाटी आहे का अजून? भाचीने खण ओढला. रबरबँडांतून मला सोडवले. म्हणाली, आहे, पण आता गुलाबी झालीय, म्हणून वापरत नाही. आजोबांनी माझा दुमडलेला कोपरा ओळखला. अंगठ्याने तो सरळ करू लागले, अगदी त्याच जागी. मग मला घेऊन उठले आणि, सवयच ती, दारात गेले.

बराच वेळ ते परत आले नाहीत. मग बाहेरूनच म्हणाले, "यात गुलाबी कुठाय?"

भाची दारात आली. मला तिने हातात घेतले. उन्हात मी राखाडी होते, मित्रांनो, जन्मले तशी राखाडी. ती मला घेऊन आत गेली, पडद्याशेजारी धरले. गुलाबी. बाहेर आणले. राखाडी. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. माझा जीव वरखाली होत होता. मामा स्टुलावर बसला होता. त्याने माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहिले. तिथे ती प्रसन्न, पिकलेली, दिव्याचा उजेड अंगावर घेऊन तो खोलीभर उधळणारी भिंत होती.

"भिंत," तो म्हणाला. "अगं, आपणच रंगवलेली भिंत."

दिवसभर त्या रंगात बसून भाचीच्या डोळ्यांना तीच ऊब खरी वाटू लागली होती. खरा रंग समोर आला की तो थंड दिसे, मग ती त्याला आणखी तापवी. आणि जुनी सिमेंटची भिंत, जिचा सगळ्यांना कंटाळा, तीही माझ्यासारखीच राखाडी होती. तिने इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांत रंग टाकला नाही. ते ती असेपर्यंत कोणाला कळले नाही.

मामाने स्टुडिओत फोटोमागे लावायचा राखाडी कापडी पडदा ओढत आणला आणि त्या भिंतीवर टांगला. सगळे थोडा वेळ बाहेर जाऊन बसले, डोळे निवावेत म्हणून. मग भाचीने संगणकाच्या पडद्यावरच्या माझ्या अंगावर टिचकी दिली. एकच. आजींच्या चेहऱ्यावरचा सावळा रंग सावकाश जागेवर आला. भाचीने लाल वाढवला नाही, पिवळा वाढवला नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली. तो शांत फोटो उघडू का, असे तिने विचारले. आजोबा म्हणाले, नको, हाच. पाटीसकट. यात ती माझ्याकडे बघतेय.

अशी मी पहिल्यांदा छापली गेले.

फोटो आला तेव्हा आजोबा तो घेऊन दारात उभे राहिले. लेक त्यांच्या मागे, भाची दाराआड. ती नखे कुरतडत होती. आजोबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, उन्हाकडे तिरपा केला. मग बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केले.

"चला," म्हणाले.

पुढे लेक एकदा येऊन गेली. भिंत तोवर राखाडी झाली होती आणि मी पडद्याशेजारी खिळ्यावर होते. तिने सांगितले, की बाबा काही सकाळी विचारतात, ही बाई कोण. मग स्वतःच फोटोसमोर उभे राहतात, थोडा वेळ बघतात, आणि म्हणतात, कंडक्टर. काही सकाळी म्हणत नाहीत.

ते ऐकल्यापासून मी पुन्हा स्वस्थ नाही. खोलीत कोणी रंगीत शर्ट घालून आले तरी मला धडकी भरते. म्हणून सांगते, मित्रांनो, ज्या वस्तूला स्वतःचा रंग नाही तिला मळू देऊ नका, टाकून देऊ नका. आणि तिच्यावर दोष ठेवण्यापूर्वी तिला एकदा उन्हात नेऊन बघा.

आणखी एक मागणे आहे. त्या आजी सावळ्या होत्या. हसताना त्यांचा डावा डोळा जरा जास्त मिटायचा. त्यांनी एका पुठ्ठ्याची माफी मागितली. ज्या सकाळी आजोबांना आठवणार नाही, त्या सकाळी तुम्ही त्यांना आठवा.