टांगलेला अभ्यासक्रम

"समाज म्हणजे माणसांच्या परस्परसंबंधांचं अखंड जाळं होय!" थोरलीनं हात उंचावून जाहीर केलं. श्रोत्यांत कसलीच चलबिचल झाली नाही, कारण श्रोते हँगरला टांगलेले होते आणि त्यांतल्या एकाला अजून बाह्याही लागल्या नव्हत्या.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि सध्या थोरलीचं समाजशास्त्रही तिथंच होतं. सहामाहीला बाकीचे विषय कसेबसे निघाले, हा एक तेवढा आडवा झोपला. उद्याच्या पेपरात पुन्हा झोपला, तर वर्ष वाया जाणार आणि तिला धाकटीच्या वर्गात बसावं लागणार. धाकटीनं तर आत्ताच बजावलं होतं, "खिडकीजवळची जागा माझी. तू आतल्या बाजूला."

पुस्तकातलं डोक्यात राहीना, म्हणून थोरलीनं शक्कल लढवली. बाबा कपड्यांना गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचत, तशी तिनं एकेक संकल्पना टाचली. वाढत्या मुलीच्या, लांबी वाढवलेल्या फ्रॉकला समाजीकरण. कमरेत आवळलेल्या पँटला सामाजिक नियंत्रण. दोन्ही बाजूंनी घालता येणाऱ्या जाकिटाला भूमिका-संघर्ष. हँगरकडे बघितलं की व्याख्या तोंडात! सगळं झकास चाललं होतं.

मग गिऱ्हाइकं आपापले कपडे न्यायला आली. हे काही तिनं हिशेबात धरलं नव्हतं.

फ्रॉक गेला, समाजीकरण गेलं. कडक इस्त्री होऊन, घडी घालून अभ्यासक्रम दाराबाहेर पडू लागला. त्यात आईनं उरलेले कपडे इकडचे तिकडे टांगताना चिठ्ठ्याही इकडच्या तिकडे केल्या. आता थोरली पँटकडे बघायची आणि जाकिटाचं बोलायची. "बटण राहिलंय," असं सांगून तिनं एक-दोघांना परत पाठवलं, तेव्हा बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "कसलं बटण? तो टॉवेल आहे."

शेवटी उरला बेकरीवाल्याचा कोट. त्यावर सामाजिक स्तरीकरण होतं, दहा गुणांचं. आणि नेमका बेकरीवाला दारात उभा.

"काका, कोट उद्या दुपारी न्या ना."

"उद्या सकाळी फोटो आहे माझा. बनियनवर काढू?"

बाबांनी कोट त्याच्या अंगावर चढवला. काखेत आवळत होता. "हात वर करा बघू. अगदी आडवे. हां, असेच ठेवा." बाबांनी तोंडात टाचण्या धरल्या. थोरलीनं संधी साधली आणि कोटाचं टोक उलटून धरलं.

"बाहेर कापड, आत अस्तर, मध्ये कॅनव्हास. तीन थर. पण यात वरचा थर कुठला?"

"बाहेरचा. तोच दिसतो," आई म्हणाली.

"अस्तर रेशमी आहे. श्रीमंत तेच," धाकटी म्हणाली.

बाबांनी टाचण्या बाजूला काढल्या. "कॅनव्हास नसेल तर या कोटाचं पोतं होईल."

"म्हणजे मधला सगळ्यात वर?" थोरलीचा चेहरा पडला.

"आणि मी?" बेकरीवाल्यालाही काळजी वाटू लागली. "मी तर अस्तराच्याही आत आहे. मी कुठल्या थरात?"

 त्यावर सगळ्यांना एकदमच काहीतरी सुचलं आणि एकच गलका झाला.

"तू मध्ये बोलू नकोस, मला माप बिघडवायचं नाही!" बाबा आईवर डाफरले.

"थोरले, तू पुस्तक बघ आधी!" आई थोरलीवर घसरली.

"तू गप गं, तुला काय कळतंय, लहान आहेस!" थोरली धाकटीवर ओरडली.

धाकटीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिच्याहून खाली कुणीच शिल्लक नव्हतं. मग ती बेकरीवाल्याकडे वळली. "काका, तुम्ही हलू नका!"

तो हलला नाही.

थोरलीच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. तिनं बाबांकडून सुरू करून एकेकावर बोट रोखत ते खाली बेकरीवाल्यापर्यंत आणलं. "दर्जा आणि सत्ता... यांच्या आधारे... व्यक्तींची आणि गटांची वर-खाली अशी मांडणी, म्हणजे सामाजिक स्तरीकरण!" तिनं पुस्तक उघडून ताडून पाहिलं. संपत्ती तेवढी सुटली होती, बाकी सगळं जमलं होतं. कोटाशिवाय जमलं होतं!

"पण गिऱ्हाईक सगळ्यांत वर असतं ना?" ती पुन्हा बुचकळ्यात पडली. "मग काका खाली कसे आले?"

बाबा विचारात पडले. आई विचारात पडली. धाकटीसुद्धा.

"ते सावकाश ठरवा," बेकरीवाला अजिजीनं म्हणाला. "तोवर मी हात खाली करू का?"