सात मात्रांची वरात

"ह्ये काय गाणं म्हणायचं? वाजवून वाजवून जीव चाललाय, गाणारा अजून नुसता उभा," मागच्या खुर्चीतला माणूस पुटपुटला.

लखनला हसू आलं. विलायतेतल्या एका जुन्या बँडचं गाणं चाललं होतं, आणि त्या बँडची गाणी अशीच. गाणारा तोंड उघडेपर्यंत कॅसेटची अर्धी बाजू सरायची. तरुणपणी त्या कॅसेटी बारामतीहून निमगाव केतकीला आणल्या त्याच्या दोस्तानं, माधवनंच. लखनच्या बेंजो पार्टीच्या टेम्पोत बसून दोघांनी त्या पार झिजवल्या होत्या. आज बारामतीच्या हॉलमध्ये त्याच बँडच्या वारशावर माधवचा कार्यक्रम होता. बोलावणं आल्यावर लखननं ठेवणीतला सदरा काढला आणि बायकोला, कुशाला म्हणाला, "आज माझं नाव घेतोय बघ त्यो."

"आता," माधव माईकवर म्हणाला, "त्या बँडच्या वारशातून मला सुचलेली एक रचना."

पहिल्या चार सुरांतच लखन खुर्चीत पुढं सरकला. ही तर त्याची चाल! सात मात्रांची. शेळगावच्या एका वरातीत त्यानं ती हौसेनं वाजवली, तर नाचणाऱ्यांचे पाय पायात अडकले आणि नवरदेवाचा मामा घोड्यापुढं आडवा झाला. पुन्हा कुठल्या वरातीत तिला थारा मिळाला नाही. लखनच्या जुन्या कीबोर्डची एक पट्टी मुकी होती, म्हणून तिथला सूर गाळून तो पुढं उडी मारायचा. माधवचा कीबोर्ड नवाकोरा, तरी बेट्यानं उडी तिथंच मारली.

टाळ्या पडल्या. लखननंही वाजवल्या.

"नाव घ्यायचं विसरला असंल," तो म्हणाला.

"व्हय, चाल तेवढी ध्यानात ऱ्हायली," कुशा म्हणाली.

बाहेर चहापाशी माधवनं त्याला मिठी मारली. "काय लखनराव, कशी वाटली?"

"झ्याक."

माधवची बायको सरोजिनी कप भरत होती. लग्नानंतर ती पहिल्यांदा निमगावला आली, तेव्हा लखननं तिला हीच चाल ऐकवली होती. तिनं त्याच्या हातात कप दिला, पण वर बघितलं नाही.

एक पोरगी वही घेऊन पुढं आली. "सर, ही रचना कधी सुचली तुम्हाला?"

"अशीच, एका पहाटे," माधव म्हणाला.

लखननं चहावर फुंकर घातली. कुशानं पदर तोंडाला लावला.

सरोजिनीनं किटली खाली ठेवली.

"अहो, कसली पहाट? चाल लखनभावजींची आहे. तुम्ही चोरलीत."